डावीकडून बोला

"कोणाचं आहे हे? कोणाचं काही हरवलंय का?" पोहण्याच्या तलावाच्या काउंटरवर बसणारी बाई काठाशी येऊन ओरडली. तिच्या चिमटीत एक काळी, गोल, मुठीएवढी वस्तू होती आणि तिच्यातून पाणी निथळत होतं. पाण्यात त्या वेळी अकरा माणसं होती. दहा जणांनी माना वळवून बघितलं. अकरावी टेलरबाई, तिनं बघितलं नाही. ती हनुवटीपर्यंत पाण्यात, उजवा हात छातीवर आडवा धरून, समोरच्या भिंतीवरच्या निळ्या फरशा मोजत उभी राहिली. वस्तू तिची होती. दोन मिनिटांपूर्वी कोच म्हणाली होती, "आता जॅकेटमध्ये हवा भरा," आणि भाड्याचं ते डायव्हिंगचं जॅकेट फुगता फुगता चहूबाजूंनी असं आवळत गेलं, की पोशाखाच्या आत डावीकडे बसवलेली ती उशी गळ्यातून सटकली आणि निघाली तरंगत, जसं काही तिचं वेगळं तिकीट काढलंय. एक पोरगी खुदकन हसली. काउंटरवरच्या बाईनं खांदे उडवले, वहीत काहीतरी लिहिलं आणि ती वस्तू हरवल्या-सापडल्याच्या खोक्यात टाकली, कोणाच्या टोप्या, कोणाचे एकेकटे मोजे, त्यांच्यात. टेलरबाई घरी आली ती एकच गोष्ट चघळत. उशी सटकली याचं तिला काही वाटलं नाही. वस्तू आहे, सटकते. पण बाईनं एवढं खणखणीत विचारलं, आणि आपण, चौतीस वर्षं गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणाऱ्या, घेतलेल्या मापाबद्दल भल्याभल्यांना गप्प बसवणाऱ्या आपण, तोंडातून "माझं" एवढा शब्द काढू शकलो नाही. तोंडाला काय कुलूप लागलं होतं?

उशी तिनं स्वतःच शिवली होती. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, डावा स्तन गेला, काखेतल्या गाठी गेल्या, आणि दवाखान्यातल्या एका गोड आवाजाच्या मुलीनं तिच्या हातात एक पुस्तिका ठेवली, त्यात तऱ्हेतऱ्हेचे तयार स्तन, नंबरवार. टेलरबाईनं पुस्तिका चाळली आणि परत दिली. आयुष्यभर गावाच्या छात्या मी मापल्या आणि माझी तेवढी विकत आणू? मग दुकान बंद करून एका दुपारी तिनं फोम कापला, पोहण्याच्या पोशाखाचं काळं कापड घेतलं, उजव्या बाजूचं माप घेऊन डावी बेतली आणि दुहेरी शिवण मारली. काम इतकं बेमालूम झालं की नवऱ्यालासुद्धा कळलं नसतं. अर्थात तो बघत नव्हता. चूक झाली ती टेलरनंच करावी अशी. कापडाचं सगळं कळतं, पाण्याचं काय कळतंय! फोम तरंगतो. तिसऱ्या दिवसापासून कोच कपाळाला हात लावून विचारायची, "तुमची डावी बाजू सारखी वर का येते हो?" आणि तिच्या डाव्या खिशात शिशाचे तुकडे वाढवत जायची. म्हणजे आत तरंगायला फोम आणि बाहेर बुडवायला शिसं, असा सगळा उद्योग. टेलरबाईला कारण पहिल्याच दिवशी उमगलं होतं. सांगायचं कसं, तेवढंच उमगलं नव्हतं.

पाण्यात ती गेली तीही काही हौसेनं नाही. डावा हात खांद्याच्या वर जाईना, व्यायाम शिकवणारा म्हणाला पाण्यात हलवा, म्हणून गेली. तर तलावाच्या खोल टोकाला चार-पाच माणसं तळाशी बसलेली, आणि त्यांच्या तोंडातून बुडबुडे शांतपणे वर येतायत. ती काठाला धरून खाली बघतच राहिली. चौतीस वर्षं तोंडात टाचण्या धरून बायकांचं ऐकलं होतं. टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, "हूं" म्हटलं की भागतं. इथं तोंडात हवेची नळी, आणि समोरचाही गप्प. कोणी कोणाला "आता कसं वाटतंय?" विचारत नाही. पहिल्यांदा तळाशी गुडघे टेकले तेव्हा ऑपरेशननंतर प्रथमच तिला आपलं अंग जड वाटलं नाही, आणि ती पाण्यातल्या पाण्यात रडली, चष्म्याच्या आत. डायव्हिंगच्या वर्गात नाव घालायला डॉक्टरनं तब्येतीचा कागद दिला, सही करताना हसलासुद्धा. नवरा हसला नाही. तो घड्याळं दुरुस्त करतो, पुढच्या खोलीत खिडकीशी बसून, डोळ्याला भिंग लावून. भिंग न काढताच म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं, आता कशाला विषाची परीक्षा?" आणि आज उशीचं सगळं सांगितल्यावर म्हणाला, "मग सोड ना. कोणी जबरदस्ती केलीय?" कोच तर आधीच म्हणून बसली होती, चार आठवड्यांनी जुन्या दगडखाणीच्या तळ्यात खरी बुडी आहे, भाड्याची जॅकेटं तुमच्या अंगाला बसत नाहीत, स्वतःचं काहीतरी घ्या नाहीतर या खेपेला राहू द्या. राहू द्या. सगळ्यांचा मिळून हा एकच सूर, मायेचा, काळजीचा, कानात कापूस घातल्यासारखा. त्या सुराचाच तिला राग आला. आवळणाऱ्या जॅकेटात ती परत उतरणार नव्हती, आणि उतरली नाही तर ते तळाशी बसणं संपलं. म्हणजे आपल्या अंगाला बसेल असं काही मिळवणं, एवढंच उरत होतं. अहो, अंगाला बसेल असं करणं हाच तर धंदा!

डायव्हिंगच्या सामानाचं दुकान एका जिन्याखाली होतं, आत रबराचा वास. दुकानदार साठीचा, रापलेला, पूर्वीचा पाणबुड्या. ती बोलायला लागली तसा तो मान वळवून म्हणाला, "डावीकडून बोला मॅडम, उजवा गेला." आणि कानाकडे बोट. एवढंच. ना चेहरा पाडला ना आवाज. "खोलातून घाईनं वर आलो, चूक माझीच. बोला." टेलरबाई त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली, पण काय बोलायचं होतं ते क्षणभर विसरली. उजवा गेला. दोन शब्द. बस चुकली म्हणावं तितक्या सहज. आपल्याकडे दोन वर्षं त्याला "ते झालं तेव्हा" म्हणतात, "तुझं ते दुखणं" म्हणतात, नणंद तर नुसती भुवई वर करते आणि काय ते समजून घ्यायचं. तोवर दुकानदारानं खुंटीवरून एक जांभळं जॅकेट काढलं होतं. "हे लेडीज मॉडेल. खांद्यावर क्लिपा, पटकन निघतं. आणि छातीला दोन्हीकडे जागा सोडलेली असते, बायकांना त्रास नको म्हणून."

"मला एकाच बाजूला जागा हवीय," टेलरबाई म्हणाली.

त्याला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं डावा कान पुढे केला.

"माझा डावा गेला," ती मोठ्यानं म्हणाली.

"डावा कान?"

"कान नाही हो!"

दुकानदारानं तिच्याकडे बघितलं, मग जॅकेटकडे, मग ते जांभळं जॅकेट मुकाट्यानं खुंटीला परत लावलं. "मग हे नाही," तो म्हणाला. "अरे बापरे" नाही, "अगाई" नाही. मग हे नाही! टेलरबाईला हसूच फुटलं. दोन वर्षांत या विषयावर एवढं कामाचं वाक्य कोणी बोललं नव्हतं. त्यानं मागच्या फळीवरून एक स्टीलची पाटी काढली, पाठीएवढी, मधून वाकवलेली, चिरा पाडलेली, आणि त्या चिरांतून ओवलेला एक लांबलचक काळा पट्टा. "ही नवार की हो!" टेलरबाई म्हणाली. "वेबिंग म्हणतात." "म्हणा काही. नवार आहे." तिनं अंगठ्यानं वीण चाचपली, घट्ट, चांगली, काठ न मुडपणारी. सबंध हार्नेस त्या एकाच सलग पट्ट्याचा होता: खांद्यावरून खाली, काखेखालून मागे पाटीत, तिथून कमरेला, पुढे एक बक्कल, आणि दोन पायांमधून येणारा एक वेगळा पट्टा, पाटी वर सरकू नये म्हणून. छातीवर आडवं काही नाही. हवा भरायची पिशवी पाटीच्या मागे, सिलिंडरच्या दोन्ही अंगांना, पंखासारखी. म्हणूनच तिला विंग म्हणतात. फुगली तरी ती मागे फुगणार, पुढे अंग मोकळं. एक विंग गोल कड्यासारखी होती, दुसरी घोड्याच्या नालेसारखी. तो म्हणाला गोल घ्या, हवा एकीकडून दुसरीकडे फिरते, एका बाजूला अडकत नाही. "एका बाजूला कलायचं माझं आता पुरे झालं," ती म्हणाली, "गोलच द्या." आणि मोठी नको, लहान द्या, एका सिलिंडरला ढगाएवढी पिशवी कशाला? पाटी स्टीलची, म्हणजे कमरेचं शिसं तेवढं कमी. प्रश्न राहिला हाताचा. क्लिपा नाहीत, हात पट्ट्यातून घालावा लागतो, आणि तिचं डावं कोपर मागे जाताना अजून कुरकुर करतं. दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं, "या बाबतीत जॅकेट सोपं. यात उजवा हात आधी घालतात, मग डावा मागे नेऊन." टेलरबाई म्हणाली, "कोणी सांगितलं उजवा आधी? हात मोडलेल्या गिऱ्हाइकाला कपडा कसा घालतात माहितीय? दुखरी बाही आधी घालायची आणि शेवटी काढायची." आणि डावा हात आधी घालून तिनं पाटी पाठीवर घेतली. दुकानदार म्हणाला, "चाळीस वर्षांत हे मला कोणी शिकवलं नव्हतं." मग त्यानंही एक शिकवायला बघितलं. पट्टा लगेच कापू नका, ढिला ठेवा, खांद्याखाली तीन बोटं सहज जायला हवीत. ती हो म्हणाली. पण मनात म्हणाली, आता कपडा बेतायचं हा मला सांगणार!

शनिवारी दुपारी शिवणाच्या खोलीत, मोठ्या आरशासमोर, तिनं काम काढलं. अंगात बिनबाह्यांची पातळ बनियन, बाकी काही नाही. उशी तर तलावावरच्या खोक्यातच होती आणि दुसरी शिवायला हात धजत नव्हता. आरशात उजवीकडे उंचवटा आणि डावीकडे सपाट, आणि सपाटीवरून काखेकडे गेलेला वण, बनियनमधून पुसट दिसणारा. दवाखान्यात हा वण प्रथम बघितला तेव्हा तिच्या मनात आलं होतं, कोणी घाईघाईत टीप मारलीय, दोरा ओढलाय. मग तिनं पट्टा ओवला, खडूनं खुणा केल्या, खांद्याला चापून बसवला, कमरेला चापून बसवला, अगदी अंगाबरोबर, जसा कोट बसतो, कुठे सुरकुती नाही. उरलेली टोकं कापली आणि धागे सुटू नयेत म्हणून मेणबत्तीवर जाळून बसवली. काय फिट बसलं होतं! तिनं स्वतःभोवती एक गिरकी घेतली. मग काढायला गेली, आणि निघेना. उजवा खांदा आवळून डावा सोडवावा तर काखेत रुतलेला. डावा ओढावा तर कोपर किंचाळायला लागलं. बक्कल सुटलं, कंबर सुटली, पण खांदे जसेच्या तसे. पाटी स्टीलची, भिंतीला लागून ठण्णकन वाजली. तेवढ्यात दाराची घंटा वाजली, पुढच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "ये ताई, ये." नणंद. निवृत्त मुख्याध्यापिका, न विचारता कुठल्याही खोलीत शिरणारी. कपाटातला शर्ट ओढून वरून घ्यावा म्हटलं तर हात तिथपर्यंत पोचेना.

"अगं बाई!" नणंद दारातच थबकली. "हे काय सोंग?" मग नजर छातीवर गेली, आणि लगेच बाजूला, शिलाई मशिनवर, जणू मशिनशीच बोलतेय. "या वयात पाण्यात उड्या मारायच्या म्हणे. ऐकलं होतं, खरं वाटलं नव्हतं. बरं मारायच्या तर मार, पण चारचौघांत असं? निदान नीट झाकून तरी घ्यावं माणसानं."

टेलरबाईला एकाएकी तलावातल्या त्या निळ्या फरशा दिसल्या, मोजत राहिलेल्या, आणि मस्तकात तिडीक गेली. "ताई," ती म्हणाली, "झाकायला आहे काय तिथं? बघा ना. मशिनकडे काय बघताय? इकडे बघा. दोन वर्षं तुम्ही भुवया वर करताय, एकदा डोळे करा वर. कापलंय, शिवलंय, मी जिवंत आहे. यात लाजायचं ते कोणी आणि कशाला?"

नणंद पर्स छातीशी धरून उभी राहिली. तिच्या खांद्यामागून नवरा आत आला, भिंग कपाळावर, हातात नाजूक पक्कड. बायको पट्ट्यात अडकलीय एवढं त्याला एका नजरेत कळलं. "कात्री लावू?" त्यानं विचारलं. "खबरदार! सबंध पट्टा फुकट जाईल." मग तो मागे गेला, पाटीच्या चिरांत पट्टा कसा दुमडून गेलाय ते भिंग लावून बघितलं, आणि पुढे आला. पट्टा पुढून ढकलल्याशिवाय मागून सुटणार नव्हता, आणि पुढून ढकलायचा म्हणजे हात तिथंच ठेवायचा होता, डावीकडे, सपाटीवर. तो घुटमळला. लग्नाला तीस वर्षं झालेला हा माणूस आपल्याला हात लावायला घुटमळतोय, तोही एका पट्ट्यासाठी! टेलरबाईनं त्याच्याकडे रोखून बघितलं. मी सांगणार नाही, ती मनात म्हणाली, आणि "असू द्या" तर मुळीच म्हणणार नाही. त्यानं तळहात ठेवला. "श्वास सोड," तो म्हणाला. तिनं सोडला. पट्टा एक बोट सरकला, मग दोन. हात तिथंच होता, गरज संपल्यावरही थोडा वेळ. "अगं, जगाच्या कपड्यात तू आत माया सोडतेस," तो म्हणाला, "उद्या कोणी जाड झालं, बारीक झालं, तर उसवून सैल करता यावं म्हणून. आणि स्वतःचं बेतताना बोटभर माया नाही ठेवलीस?" तिला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम करता येईना म्हणून ती म्हणाली, "बोलू नका, ओढा." नणंद म्हणाली, "मी चहा टाकते," आणि स्वयंपाकघरात गेली. जाताना तिनं बघितलं. नीट, समोरून बघितलं, हे सांगायला हवं.

कापलेला पट्टा काही वाढत नाही. सोमवारी ती दुकानात जाऊन नवीन, सबंध पट्टा घेऊन आली. दुकानदारानं डावा कान पुढे करून सगळं ऐकलं आणि "तीन बोटं" एवढंच म्हणाला. या खेपेला तिनं तीन बोटं ठेवली आणि टोकं लांबच राहू दिली. गुरुवारी सकाळी ती तलावावर गेली. पोशाख तिनं आदल्या दिवशी उसवून डावीकडून सपाट शिवून घेतला होता, अंगाबरोबर, चुणी न ठेवता, म्हणजे जे आहे ते तसंच दिसत होतं. हातात पाटी आणि विंग घेऊन ती कपडे बदलायच्या खोलीतून निघाली आणि पाण्याकडे न जाता थेट काउंटरकडे गेली. लोक बघत होते, एक लहान पोर तोंड उघडं टाकून बघत होतं. बघा. चांगलं बघून घ्या.

"त्या खोक्यात माझं एक आहे," ती म्हणाली.

काउंटरवरच्या बाईनं मान वर केली. "काय आहे?"

"ते काळं. गोल. मागच्या गुरुवारी तुम्ही विचारलं होतं कोणाचं म्हणून. माझं आहे."

आवाज जरा मोठाच लागला होता. खोल टोकाला बसलेल्या कोचनं वळून बघितलं. बाईनं खोक्यात हात घालून ते काढलं, वाळून कडक झालेलं, आणि वही पुढे सरकवली. सापडलेल्या वस्तूंच्या रकान्यात तिनं लिहून ठेवलं होतं, "उशी, लहान, एक." टेलरबाईनं पेन घेतलं. "उशी" वर एक सरळ रेघ मारली, पट्टीशिवाय मारली तरी सरळ, आणि वर लिहिलं, "डावा स्तन, कापडी." पुढे सही केली. बाईनं ते वाचलं. वाचून तिचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याशी गेला, आणि ती हळूच म्हणाली, "माझ्या बहिणीचं पण... ती घराबाहेरच पडत नाही हो."

टेलरबाईनं ते हातात घेऊन शिवण चाचपली. एक टाका सुटला नव्हता. मग ते परत काउंटरवर ठेवलं, डावा हात आधी पट्ट्यात घातला, मग उजवा, बक्कल लावलं, आणि पाण्याकडे वळली.

"अहो, घेऊन जा ना!" बाईनं मागून हाक मारली. "सही केलीत की!"

"मला नाही लागत आता. बहिणीला द्या," टेलरबाई म्हणाली. "फक्त पाण्यात घालू नका म्हणावं, तरंगतं. आणि माप कमीजास्त झालं तर खुशाल उसवा. आत माया सोडलेली आहे."